भवानी पेठेत उपलब्ध नाही

नाझरकाकांच्या स्कूटरमधलं पेट्रोल संपलं तरी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट निघत नसे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या भर उन्हात, हनुवटीखाली पट्टा आवळून, बंद स्कूटर हातानं ढकलत ते घरी येताना मी कितीतरी वेळा पाहिलंय. कुणी हसलं तर थांबून शांतपणे सांगायचे, "वाहन रस्त्यावर आहे आणि मी वाहनाबरोबर आहे." ज्या शहरात हेल्मेट ही स्कूटरच्या आरशाला अडकवायची वस्तू आहे आणि पिवळा दिवा लागला की लोक जरा जोरात निघतात, तिथं हा माणूस धडधाकट कसा राहिला याचं मला आजही नवल वाटतं. समोर चिटपाखरू नसलं तरी ते सिग्नलला थांबायचे, आणि मागचे रिक्षावाले मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चारही भाषांत त्यांच्या घराण्याची चौकशी करायचे.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. एका विमा कचेरीत नोकरी, घरात एकटी, त्यामुळे खालच्या घरात माझा राबता बराच. काकांचं खरं नाव पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झाले, म्हणून नाझरकाका. समन्स बजावणारे बेलिफ त्यांच्या हाताखाली असायचे आणि जप्त झालेला मुद्देमाल त्यांच्या कुलपाखाली. सीडींचा जमाना होता तेव्हा नकली सिनेमांवर धाडी पडायच्या आणि पोती भरभरून सीडी यायच्या. ओळखीपाळखीचे सभ्य लोक हळूच येऊन म्हणायचे, "काका, एक द्या की, उद्या परत आणून ठेवतो." काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "मुद्देमाल पाहायचा असेल तर आधी आरोपी व्हा. मग तुमच्यासमोर रीतसर उघडू."

काकू नेमक्या उलट्या. सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातल्या, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. पुस्तकी कायद्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. काका रांगेत उभे राहिले की काकू पुढं जाऊन, कुणाशी तरी दोन शब्द बोलून, काम करून परतही यायच्या. "तुमी हुबं ऱ्हावा हितं," असं वर म्हणायच्या. "तुमाला आवडतंय की." दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही, आणि एकमत झालेलंही.

दोन वर्षांपूर्वी काकू न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या काही पुन्हा नीट चालल्या नाहीत. ज्या बाईनं उभा माळ पालथा घातला ती खाटेवर खिळली. पुण्याच्या मुलानं कर्तव्य म्हणून भिंतीएवढा टीव्ही पाठवून दिला आणि कर्तव्य संपलं म्हणून पुण्यातच राहिला. काकूंनी आठवडाभर मराठी मालिका पाहिल्या आणि निकाल दिला, "ह्या बाया नेसून-सवरून नुसत्या दाराआड हुब्या ऱ्हात्यात. कामं कोन करतंय ह्यांच्या घरची?"

मग एका दुपारी रिमोटशी खेळता खेळता त्यांना ती मालिका सापडली. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बेटावरची. एक विधवा बाई, तिचा उघडाबोडका डोंगर, वारा आणि मेंढ्या. दुसरं काही नाही. मालिका त्या लोकांच्या भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. काकूंना ना ती भाषा येत होती ना ती अक्षरं, पण मेंढ्या दिसल्याबरोबर त्या उशीला टेकून बसल्या. "आवो, त्या मागच्या मेंढीचं खूर बघा की! लंगडतीया. बाईचं ध्यान कुटंय?" त्या बाईचं नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून काकूंनी तिचं नाव गंगू ठेवलं. तिच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या दिराला नाव दिलं नाही, शिवी दिली.

इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम काकांकडं आलं, आणि काकांनी जन्मभर ज्या मराठीत कागद वाचले त्याच मराठीत ते सांगायचे. पडद्यावर गंगू शेजारच्या होडीवाल्याच्या खांद्यावर डोकं टेकवून काहीतरी पुटपुटायची आणि इकडे काका खडा आवाज लावायचे, "सदर महिला असे कथन करते की, तिला मागील हिवाळ्यापासून एकटेपणा जाणवत आहे. त्यावर सदर इसमाने कोणतेही उत्तर दिलेले नाही." काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "आवो, ती लाडात आलीया! जरा लाडात सांगा की!" काका घसा खाकरून पुन्हा सांगायचे, "सदर महिला लाडात असे कथन करते की..." रविवारी मी मुद्दाम त्या वेळेला खाली जाऊन बसायचे. मालिका कळली नाही तरी चालायचं.

हे सगळं अर्थातच रीतसर होतं. काकांनी मालिका दाखवणाऱ्या कंपनीची वर्गणी भरली होती, तिच्या अटींची लांबलचक यादी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली होती, आणि माझ्या माहितीत तसं करणारे पृथ्वीवरचे ते एकटेच आहेत. मालिकेचे दोन सीझन असे सुखात गेले. दुसरा संपला तेव्हा दिरानं मेंढरांचं गिऱ्हाईक दारात आणून उभं केलं होतं आणि गंगू फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी होती. विकणार की नाही ते पुढच्या सीझनला. काकूंना तेवढा दम नव्हता, पण इलाज नव्हता. मधल्या काळात त्यांनी पहिले दोन्ही सीझन पुन्हा पाहिले.

तिसरा सीझन आल्याची बातमी काकांनी पेपरात वाचली. त्या दुपारी काकूंनी केस विंचरून घेतले. काकांनी बटण दाबलं आणि पडद्यावर वाक्य आलं: हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही. नुसता तिसराच नाही, पहिले दोनही रात्रीतून गायब झाले होते.

काकांनी वाक्य वाचून दाखवलं. काकूंनी विचार केला. "आपला भाग म्हंजी भवानी पेठ का?"

"भाग म्हणजे भारत."

"मग कुंभारीला दिसत आसंल की. तितं माझी भन हाय. रिक्षा बोलवा."

कुंभारीही भारतातच आहे, हे काकांना समजावून सांगावं लागलं. काकूंना ते पटलं नाही. एवढा मोठा देश, आणि त्यात एका बाईची मेंढरं मावत नाहीत, हे तसं कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

काकांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई-बासरी ऐकवल्यावर एक गोड मुलगी बोलली. तिनं सांगितलं, सर, या कार्यक्रमाचे भारतातले हक्क आता आमच्याकडे नाहीत. काका कोर्टातले, त्यांनी लगेच विचारलं, "मग ज्याच्याकडे आहेत त्याचं नाव आणि पत्ता द्या." मुलीला ते ठाऊक नव्हतं. पण तिच्याकडे उपाय होता. सर, तुम्ही आमचा केक बनवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम बघू शकता. काकांनी तिचे आभार मानले. पुढं चौकशी करत गेल्यावर कळलं की भारतातले हक्क दुसऱ्या एका कंपनीनं विकत घेतलेत, आणि ती कंपनी ही मालिका कुठंच दाखवत नाही. म्हणजे मालिका दाखवायचा हक्क मोजून पैसे देऊन घेतला होता, तो न दाखवण्यासाठी. व्यापारातलं आम्हाला काय कळतं. आमच्या पेठेतला चादरवाला दुकान उघडून बसतो, गिऱ्हाईक आलं की चादर दाखवतो आणि पैसे घेतो. म्हणून तर तो बिचारा पेठेतच राहिला.

काकांनी पराभव मानला नाही. परदेशातल्या भाच्याला सांगून तिसऱ्या सीझनच्या अस्सल तबकड्या, म्हणजे डीव्हीडी, मागवल्या. भाचा दिवाळीत आला तेव्हा घेऊन आला. काकांनी त्यासाठी तबकड्या लावायचं यंत्रही आणलं. तबकडी आत गेली, घरघरली, आणि पडद्यावर अक्षरं आली की ही तबकडी या प्रदेशासाठी नाही. अशा तबकड्यांवर म्हणे जगाचे तुकडे पाडून आकडे घातलेले असतात, आणि आपला आकडा तिच्यावर नव्हता. काकांनी तबकडी बाहेर काढून उलटसुलट पाहिली. "पैसे दिले. पावती आहे. वस्तू अस्सल आहे," ते मला म्हणाले. "मग हिला आपण राहतो कुठं याच्याशी काय करायचंय?"

भाच्यानं सोपी युक्ती सुचवली. व्हीपीएन नावाचं एक घ्यायचं, म्हणजे टीव्हीला वाटतं आपण त्याच देशात बसलोय. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं बोललाच नाही. "म्हणजे खोटा पत्ता द्यायचा? अटींमध्ये मी खरी माहिती देईन असं कबूल केलंय." मी भीत भीत मोबाईल गल्लीतल्या बब्बूभाईचं नाव काढलं. त्याच्या दुकानात हवं ते पेनड्राइव्हवर मिळतं हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काका उठून देवासमोरचा दिवा सारखा करायला गेले. उत्तर द्यायचं नसलं की ते तेच करायचे.

काकूंची तब्येत त्या थंडीत उतरत गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. दिवसभर भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत त्या गंगूचंच बोलायच्या. एक दिवस म्हणायच्या, न्हाय इकायची ती. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, इकंल बया, दम किती काडायचा एकटीनं. मी एकदा धीर द्यायला म्हणून खोटंच सांगितलं की मी कुठंतरी वाचलंय, ती विकत नाही. काकूंनी मला हातानं गप्प केलं. "तू वाचलंस. म्या बगितलं न्हाय."

एका सकाळी डॉक्टर तपासून गेल्यावर मी दारातच होते. काकू काकांना अगदी सहज, भाजी काय आणायची विचारावं तशा म्हणाल्या, "आवो, म्या जायच्या आदी कळंल का हो ते?"

या वेळी काका दिव्याकडे गेले नाहीत. दुपारी माझ्या दारात आले, हेल्मेट घालूनच. "ताई, मोबाईल गल्लीत जायचंय. तुम्ही बरोबर चला. साक्षीदार असलेला बरा."

बब्बूभाईचं दुकान म्हणजे फळीएवढी जागा. काका दुकानासमोर उभे राहिले ते थेट जप्तीला आल्यासारखे, आणि बब्बूभाई त्यांचा चेहरा बघून हातातला मोबाईल खाली ठेवून उभाच राहिला. काकांनी मालिकेचं नाव, सीझन आणि भाषा सांगितली. बब्बूभाईच्या जिवात जीव आला.

"इतनाच होना क्या चाचा? बैठो. बहन, तुम बी बैठो. अच्छा प्रिंट है, नीचे इंग्लिश बी है."

त्यानं आम्हाला देश विचारला नाही. भाग विचारला नाही. दोघांसाठी चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत तिसरा सीझन काकांच्या तळहातावर होता. अस्सल तबकड्यांवर सुरुवातीला एक लांब सूचना असते की नक्कल करणं हा गुन्हा आहे. पैसे देणाऱ्यालाच ती बसून वाचावी लागते. बब्बूभाईच्या प्रतीत ती कुणीतरी काळजीनं काढून टाकली होती.

"हे कुठून आणता?" काकांनी विचारलं.

"ऊपर से आता, चाचा."

काकांनी सवयीनं वर पाहिलं. वर पंखा होता.

रस्त्यात ते मला एवढंच म्हणाले, "याला अंतरिम समजायचं. इथं अधिकृत मिळायला लागलं की त्याच दिवशी मूल्य भरायचं." मी मान हलवली. वळणावर ते म्हणाले, "चोर चहा पाजतो, ताई." त्यात राग होता की कौतुक, मला कळलं नाही. मला वाटतं, कोडं पडलं होतं.

त्या पंधरवड्यात काकू भाकरी पूर्ण खाऊ लागल्या. रोज दुपारी एक भाग. काकांचं "सदर महिला" आणि काकूंचं "आवो, सरळ सांगा की" वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. शेवटच्या भागाला मी रजा टाकून खाली बसले. गंगूनं मेंढरं विकली. फाटक उघडून एकेक मेंढी बाहेर जाताना तिच्या पाठीवर हात टेकवत राहिली. काकू ओरडल्या नाहीत. शेवटची मेंढी गेल्यावर त्या म्हणाल्या, "बराबर केलं तिनं. म्या बी तेच केलं आस्तं. पर त्या दिराच्या गिऱ्हाइकाला न्हाय इकायला पायजे हुती." मग पदरानं तोंड पुसून, "लई ग्वाड हुती बया," म्हणाल्या आणि झोपल्या. खूप दिवसांनी शांत झोपल्या.

काकांना मात्र झोप येईना. त्यांनी मालिका बनवणाऱ्या मूळ कंपनीला ईमेल लिहिला, माझ्याकडून टंकून घेतला. सदर मालिकेचा तिसरा सीझन मी अनधिकृत मार्गाने पाहिला आहे, तरी तिचे मूल्य कोठे व कसे भरावे, हे कृपया कळवावे. उत्तर क्षणात आलं, म्हणजे माणसानं लिहिलेलं नव्हतं. आमचा कार्यक्रम तुम्हाला आवडला याचा आम्हाला आनंद आहे. सध्या तो तुमच्या भागात उपलब्ध नाही. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं. "कबुलीजबाब दिला तरी आनंदच," ते म्हणाले.

काकू उन्हाळ्याच्या तोंडाला गेल्या. दुपारी डोळा लागला तो लागलाच. सांगोल्याहून त्यांचे भाऊ आले, घोंगडी खांद्यावर टाकून अंगणात बसले. मुलानं या वेळी बरेच दिवस राहून वडिलांना पुण्याला न्यायचं ठरवलं. काका हो म्हणाले. जावं तर लागणारच होतं.

आणि सामानाची बांधाबांध चालू असताना जाहिरात आली. ती गाजलेली मालिका आता तुमच्या देशात, तिन्ही सीझन, आता हिंदीतूनही. गंगू हिंदीत बोलणार होती. कंपनीनं वेळ काढून, पूर्ण तयारीनं, काकू गेल्यावर सोलापूर गाठलं होतं. काकांनी त्याच दिवशी वर्षाची वर्गणी भरली. टीव्ही खोक्यात बांधलेला होता, तो उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "एक काम राहिलंय. चला." आम्ही पोलीस चौकीत गेलो. टेबलाशी एक जाडजूड हवालदार बसला होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "बोला काका. काय चोरीला गेलं?"

"माझं काही नाही. मी चोरी केली आहे."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"कशाची?"

"एका मालिकेच्या तिसऱ्या सीझनची. कॉपीराइट कायद्याखाली येतं. नोंद करा."

"फिर्यादी कुटंय?"

"कंपनी असायला हवी. पण मी कळवलं तर त्यांना आनंद झाला."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "काका, असं धरायला लागलो तर ही चौकी रिकामी हुईल. आदी मलाच आत बसावं लागंल." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "कसली मालिका म्हनायची ही, एवडं काय हाय तिच्यात?"

"एक विधवा बाई आहे," काका म्हणाले. "तिची मेंढरं आहेत."

"मेंढरं?" हवालदार पुढं सरकला. "आमचं घर मंगळवेड्याकडं. दोनशे मेंढरं हुती आमच्या आज्याची. सांगा की."

काकांनी सांगायला सुरुवात केली. सदर इसम नाही, सदर महिला नाही. साध्या मराठीत, मधे मधे तर काकूंच्या बोलीत, गंगूचा डोंगर, तिचा वारा, ती लंगडणारी मेंढी, तो दीर. हवालदारानं टेबलावरचा फोन दोनदा वाजू दिला. बाहेर उभा असलेला एक शिपाई दाराशी येऊन थांबला. काका फाटकापर्यंत आले. गिऱ्हाईक उभं, दीर उभा, गंगूचा हात कडीवर.

"इकली का न्हाय मग?" हवालदारानं विचारलं.

"विकली," काका म्हणाले. "तेव्हा ही म्हणाली की..." आणि बोलता बोलता ते शेजारच्या खुर्चीकडं वळले. "काय गं म्हणालीस तू तेव्हा?"

त्या खुर्चीत मी बसले होते. मला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं, पण माझ्या तोंडून ते निघेना. हवालदारानं उठून माठातलं पाणी आणलं आणि ग्लास काकांच्या हातात नीट बसेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही.

"सावकाश, काका," तो म्हणाला. "आमी हाय हितंच."